बिनथराची काच

तिसऱ्यांदा आले ओइवा केर्प्पा.
दारात बूट आपटले, टोपी काखेत मारली,
चष्मा काउंटरवर ठेवला, उलटा, काचांवर.
मी तो सुलटा केला.
हे मी दिवसातून वीस वेळा करते.

दिव्यासमोर धरला तर
भिंगभर बारीक भेगांचं जाळं,
मे महिन्यात केमियार्वीच्या तळ्यावरचा बर्फ
फुटायच्या आधी दिसतो तसं.
हात लावला तर गुळगुळीत. आत तडकलेलं.

"सौनात घातला होता?"
"नाही."
"ओइवा."
"दर शनिवारी."

मग मी माझं पुराण लावलं.
ही काच नाही, प्लास्टिक आहे.
चकाकी मारायला त्यावर सात थर,
सगळे मिळून केसाच्या जाडीला पासंगालाही न पुरणारे.
ऐंशी अंशांत प्लास्टिक फुगतं, थर फुगत नाहीत,
मग एकाच घरात दोघांचं पटेनासं होतं.
सदऱ्याच्या टोकाने पुसू नका.
थुंकी लावून तर मुळीच नाही.
कोमट पाण्याची धार, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
आणि बोटांची पेरं, तान्ह्या बाळाचे कान धुवावेत तशी.
पुसायचं कापड धुताना सॉफ्टनर घातलात
तर महिनाभर भिंगांना तेलच चोळत बसाल.

त्यांनी ऐकून घेतलं सगळं.
नदीतून ओंडके हाकण्यात उमर गेलेला माणूस,
तुंबलेलं आपलं आपण सुटू देतो.

मग म्हणाले,
"इम्पीला ऐकू येत नाही आता.
कानातली यंत्रं सौनात न्यायची नाहीत
असं तुझ्या शेजारच्या दुकानातली पोरगी सांगते.
चष्मा न्यायचा नाही असं तू सांगतेस.
ती हातांनी बोलते. थोडं ओठांनी.
तिचे हात दिसले नाहीत
तर वाफेत मी एकटाच बसलेला असतो.
आमची भांडणंसुद्धा तिथंच मिटतात,
त्रेपन्न वर्षं."

माझ्या कॅटलॉगात
निळा प्रकाश अडवणारा थर होता,
पाणी घरंगळवणारा होता,
बर्फाची तिरीप गिळणारा, ओरखडे न धरणारा,
पाच वर्षांच्या हमीसकट.

मागच्या खोलीत गेले.
माझ्याआधी इथे बसायचे त्या वेइक्कोंचा खण,
गंजलेली कडी, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
खऱ्या काचेच्या चकत्या. कोऱ्या. जड.
शिकत असताना आम्ही हसायचो त्यांना.
रात्री प्रत्येक दिव्याचं भूत दिसेल तिच्यात,
नाकावर वळ उठेल, पडली तर तुकडे.
पण तापली तर तापते, निवली की निवते,
बिघडायला तिच्यावर काही नाहीच.

फ्रेम धातूची नको, नाक भाजेल.
नायलॉनची एकच निघाली, शाळकरी पोरांची,
मोरपिशी.
ओइवांनी आरशात पाहिलं
आणि आरशालाच विचारलं, "किती झाले?"

सान बरीच वर्षं बंद होती.
पाण्याची बारीक धार सोडून रात्री कडा घासल्या,
दोन चकत्या वाया गेल्या.

देताना म्हटलं,
"आत शिरताच धुकं धरेल. पुसू नका.
खालच्या फळीवर बसा थोडा वेळ,
काचेला तुमच्याइतकं तापू द्या, मग दिसेल.
दगडांवर पाणी ओतलंत की पुन्हा जाईल, पुन्हा येईल."

"तेवढ्यात ती काही म्हणाली तर?"

"पुन्हा म्हणायला लावा."

सोमवारी इम्पी आली, एकटीच,
पिवळ्या हिमबेरींची बरणी घेऊन.
नाकाच्या दांडीवर दोन बोटं ठेवली,
मग दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर उघडले, मिटले,
आणि खांदे हलेपर्यंत हसली.
यंत्रं कानात नव्हती. बाहेर बर्फ भुरभुरत होता.
मी मान हलवली, कळलं नाही.

तिने पुन्हा केलं,
या वेळी सावकाश.